समीकरण सुटते, पण ताळा जुळत नाही: चूक नेमक्या कोणत्या ओळीत आहे ते असे शोधा

एका चलातले समीकरण सोडवताना पुन्हा पुन्हा येणारी तक्रार ही: प्रत्येक पायरी बरोबर दिसते, शेवटी क्षची किंमतही मिळते, पण ती मूळ समीकरणात घातली की डावी बाजू एक सांगते आणि उजवी भलतेच. मग पान उलटून पहिल्यापासून सोडवायला घेतात आणि पुन्हा त्याच उत्तराशी येऊन थांबतात. यात नवल नाही. ज्या सवयीने पहिल्यांदा चिन्ह चुकले, तीच सवय दुसऱ्यांदाही त्याच जागी चुकवते. म्हणून पुन्हा पहिल्यापासून सोडवणे हा सर्वांत वाईट उपाय. जे लिहिले आहे तेच तपासायचे, आणि त्यासाठी आलेले चुकीचे उत्तरच कामाला लावायचे. ते कसे, ते पुढे सांगतो. त्याआधी एक खात्री करून घ्या.

ताळा तरी बरोबर केला आहे ना?

बऱ्याचदा उत्तर बरोबर असते आणि ताळाच चुकलेला असतो, विशेषतः उत्तर ऋण असेल तेव्हा. समजा समीकरण २ − ५क्ष = १७ आहे आणि उत्तर आले क्ष = −३. ताळा करताना −३ ला कंस घातला नाही की कागदावर २ − ५ − ३ असे काहीतरी उतरते, त्याचे −६ होतात आणि बिचारे बरोबर उत्तर खोडले जाते. कंस घालून पाहा: २ − ५(−३) = २ + १५ = १७. ऋण संख्या चलाच्या जागी घालताना कंस घालायचाच, गरज वाटो वा न वाटो.

अपूर्णांकाचेही असेच. ३क्ष = ७ चे उत्तर ७/३ आहे. कॅल्क्युलेटरवरून २.३३ लिहून ताळा केला तर ६.९९ येतात आणि उगाच शंका येते. ताळ्यात ७/३ च ठेवा.

आणि ताळा मूळ समीकरणातच करा, म्हणजे प्रश्नात छापलेल्या समीकरणात. कंस सोडवून झाल्यावरच्या ओळीत ताळा केला, तर कंस सोडवताना झालेली चूक त्यात कधीच दिसणार नाही. प्रश्न उतरवून घेतानाच + चा − झालेला असतो, असेही अनेकदा घडते. मग वहीतला ताळा अगदी चोख जुळतो आणि उत्तरसूचीशी मात्र जमत नाही.

चुकीचे उत्तर प्रत्येक ओळीत घालून पाहा

आता मुख्य युक्ती. हे समीकरण घ्या आणि कोणीतरी ते असे सोडवले आहे असे समजा:

(१) ५क्ष − ३(क्ष − ४) = २ + ४क्ष
(२) ५क्ष − ३क्ष − १२ = २ + ४क्ष
(३) २क्ष − १२ = २ + ४क्ष
(४) −१४ = २क्ष
(५) क्ष = −७

ओळ (१) मध्ये −७ घालू. डावीकडे −३५ − ३(−११) = −३५ + ३३ = −२. उजवीकडे २ − २८ = −२६. जुळत नाही, म्हणजे चूक नक्की आहे. आता तेच −७ ओळ (२) मध्ये घाला. डावीकडे −३५ + २१ − १२ = −२६, उजवीकडे −२६. जुळले! ओळ (३) मध्येही जुळते, (४) मध्येही.

याचा अर्थ असा: −७ हे ओळ (२) चे खरेखुरे उत्तर आहे, पण ओळ (१) चे नाही. म्हणजे (१) वरून (२) लिहिताना समीकरणच बदलून गेले. चूक तिथेच आहे, दुसरीकडे शोधत बसायचे कारण नाही. −३ ने −४ ला गुणले की +१२ यायला हवेत. ते दुरुस्त केले की २क्ष + १२ = २ + ४क्ष, म्हणून १० = २क्ष, क्ष = ५. ताळा: २५ − ३ = २२, आणि २ + २० = २२.

हे प्रत्येक वेळी का चालते? शेवटच्या ओळीतली किंमत तिच्या लगतच्या वरच्या ओळीतही बसते, जर त्या दोन ओळींमध्ये गडबड झाली नसेल तर. असे वर वर चढत गेलात की जिथे गडबड झाली, तिथे ती बसायची थांबते. 'जुळते' आणि 'जुळत नाही' यांच्या मधली फट हीच चुकीची जागा. उत्तरात दहा-बारा ओळी असतील तर सगळ्या तपासायचीही गरज नाही. मधली एक ओळ घ्या. जुळली तर चूक तिच्या वर आहे, नाही जुळली तर खाली. दोन-तीन वेळा असे केले की पकडली जाते.

एक अपवाद ध्यानात असू द्या. एकापेक्षा जास्त चुका असतील तर या रीतीने सर्वांत शेवटची, म्हणजे खालून पहिली चूक सापडते. ती दुरुस्त करून नवे उत्तर काढा आणि पुन्हा मूळ समीकरणात ताळा करा. तरीही जुळले नाही तर नव्या उत्तराने पुन्हा तेच.

पायरी कोणत्या जातीची आहे?

चुकीची ओळ सापडली, पण त्यात काय चुकले तेच कळत नाही, असेही होते. तेव्हा एक प्रश्न विचारा: या ओळीत मी एका बाजूचे फक्त रूप बदलले, की दोन्ही बाजूंवर काही क्रिया केली? समीकरण सोडवताना या दोनच जातीच्या पायऱ्या असतात, आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्याने होतो.

रूप बदलणे म्हणजे कंस सोडवणे, सजातीय पदे एकत्र करणे. यात त्या बाजूची किंमत अजिबात बदलता कामा नये, क्ष कितीही असो. त्यामुळे ही पायरी तपासायला उत्तर लागतच नाही. कोणतीही संख्या घाला, वरच्या ओळीतली ती बाजू आणि खालच्या ओळीतली ती बाजू सारखी आली पाहिजे. वरच्या उदाहरणात क्ष = ० घालून पाहा: ५क्ष − ३(क्ष − ४) चे १२ होतात आणि ५क्ष − ३क्ष − १२ चे −१२. झाले, चूक उघडी पडली.

मात्र या तपासणीसाठी १ ही संख्या वापरू नका. ३क्ष + ४ चे ७क्ष करणे ही अगदी ठरलेली चूक आहे, आणि क्ष = १ घातले तर दोन्हींचे ७ येतात! चूक करणाऱ्याला वाटते, पाहा, बरोबरच तर आहे. २ घातले की एकीकडे १० आणि दुसरीकडे १४ येतात. क्ष असलेले पद आणि नुसती संख्या यांची बेरीज एका पदात मावत नाही, हे नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा असे एकदा अंगाशी आलेले बरे.

दुसऱ्या जातीच्या पायरीत दोन्ही बाजूंची किंमत बदलते, पण सारखीच बदलते: दोन्हींतून ७ वजा, दोन्हींना ६ ने गुणले, दोन्हींना −४ ने भागले. इथे विचारायचा प्रश्न: डावीकडे जे केले तेच, तेवढेच, उजवीकडे संपूर्ण बाजूला केले का?

एकाच ओळीत दोन्ही जातींची कामे उरकायची नाहीत. कंसही सोडवला, पदेही हलवली, जमल्यास भागूनही टाकले, अशी ओळ लिहिताना हुशारी वाटते. तपासताना तीच डोकेदुखी होते.

'पलीकडे नेले की चिन्ह बदलते'

माझ्या मते सर्वाधिक नुकसान या एका वाक्याने केले आहे. वाक्य खोटे नाही, पण ते कशाचे संक्षिप्त रूप आहे ते विसरले की घात करते.

क्ष + ७ = ३ मध्ये ७ कुठेही जात नाही. दोन्ही बाजूंतून ७ वजा केले. डावीकडे +७ आणि −७ मिळून शून्य झाले, उजवीकडे ३ − ७ उरले. बघणाऱ्याला वाटते की ७ ने उडी मारली आणि हवेत चिन्ह बदलले.

आता ३क्ष = १२ घ्या. 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' एवढेच डोक्यात असेल तर तीन पलीकडे नेऊन क्ष = १२ − ३ = ९ लिहिले जाते, किंवा १२ ला −३ ने भागून −४. पण इथे ३ हा क्षला गुणलेला आहे, मिळवलेला नाही. गुणाकार उलटवायचा तर भागाकार करावा लागतो, आणि ज्या संख्येने गुणले आहे तिनेच, तिच्या आहे त्या चिन्हासकट. क्ष = ४.

−४क्ष = २० हे तर चुकांचे संग्रहालयच आहे. आलेल्या चुकीच्या उत्तरावरून चूक कोणती ते सांगता येते. २४ आले असतील तर ४ 'पलीकडे' नेऊन मिळवले आहेत. १६ आले असतील तर वजा केले आहेत. ५ आले असतील तर भागाकार बरोबर केला, पण वजा चिन्ह वाटेत गळाले. खरे उत्तर −५, कारण दोन्ही बाजूंना −४ ने भागायचे. आणि −क्ष = ७ या ओळीवर थांबू नका, तिथे अजून क्ष मिळालेला नाही. दोन्ही बाजूंना −१ ने गुणा: क्ष = −७.

चिन्ह गळण्याची आणखी एक हमखास जागा म्हणजे ७ − २क्ष = १५. सात हलवला की पुष्कळजण २क्ष = १५ − ७ लिहितात आणि ४ उत्तर काढतात. २क्षच्या आधीचा वजा हा ७ आणि २क्ष यांच्या मधला दुभाजक नव्हे, तो २क्षचा आहे. ७ गेला तरी तो राहतो: −२क्ष = ८, क्ष = −४. अशा ठिकाणी आणखी सुरक्षित वाट म्हणजे आधी दोन्ही बाजूंत २क्ष मिळवून टाकायचे: ७ = १५ + २क्ष, मग −८ = २क्ष. क्ष उजवीकडे आला म्हणून काही बिघडत नाही. तो डावीकडेच हवा असा कुठलाही नियम नाही.

किंबहुना क्ष कोणत्या बाजूला गोळा करायचा हे ठरवताना जिकडचा सहगुणक मोठा, तिकडे करा. २क्ष + १२ = २ + ४क्ष मध्ये ४क्ष डावीकडे आणलेत तर −२क्ष हाताळावा लागतो, २क्ष उजवीकडे नेलेत तर सगळे धनच राहते. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मीची रीत हीच होती. वजा केलेले पद दिसले की ते दोन्ही बाजूंत मिळवून घालवायचे. कोणत्याही बाजूला ऋण पद उरू नये म्हणून त्याने वर्गापर्यंतच्या समीकरणांचे सहा वेगवेगळे प्रकार मांडले. आपल्याला ऋण संख्या चालतात, पण त्या टाळण्याची त्याची खटपट चिन्हांच्या चुकांवर आजही लागू पडते.

तराजूचे उदाहरण सगळे देतात. पहिल्या ओळखीपुरते ठीक आहे. पण −४क्ष पारड्यात कसा ठेवायचा, हे तराजू सांगू शकत नाही, म्हणून त्याच्यावर फार काळ विसंबू नये.

छेद काढताना

अपूर्णांक आले की दोन चुका जोडीने येतात.

(क्ष + १)/२ − (क्ष − २)/३ = ४

छेदांचा लसावि ६, म्हणून दोन्ही बाजूंना ६ ने गुणायचे. पहिली चूक: डावीकडे छेद गेले या आनंदात उजवीकडचे ४ तसेच राहतात. ३(क्ष + १) − २(क्ष − २) = ४ असे लिहिले जाते आणि उत्तर येते −३. ४ ला छेद नव्हता म्हणून त्याला सूट नाही, तोही सहापट होऊन २४ झाला पाहिजे. वरची युक्ती इथे वापरून पाहा. −३ घातल्यावर दुसऱ्या ओळीत −६ + १० = ४ जुळते, पहिल्या ओळीत मात्र डावीकडे −१ + ५/३ = २/३ येतात. फट पहिल्या दोन ओळींतच आहे.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. हाताने लिहिताना अपूर्णांकाला आडवी रेघ असते, कंस नसतो. ती रेघ स्वतःच कंसाचे काम करत असते. रेघ गेली की कंसही गेला असे समजून ३क्ष + ३ − २क्ष − ४ = २४ लिहितात आणि उत्तर २५ येते. म्हणून छेद काढायच्या आधीच अंशाभोवती कंस घालून टाका. मग ३क्ष + ३ − २क्ष + ४ = २४, क्ष + ७ = २४, क्ष = १७. ताळा: ९ − ५ = ४.

तिरकस गुणाकार (एका बाजूच्या अंशाला दुसऱ्या बाजूच्या छेदाने गुणणे) फक्त दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हाच. डावीकडे दोन अपूर्णांकांची बेरीज असताना तो करायला जाऊ नका.

बरोबरच्या चिन्हांची साखळी

२क्ष + ३ = ११ = ११ − ३ = ८ = ८ ÷ २ = ४. असे लिहिणाऱ्याचे उत्तर बहुधा बरोबर असते, पण त्याने ११ आणि ८ आणि ४ सारखे आहेत असे लिहून ठेवले आहे. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये = हे चिन्ह वापरले तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा निवडल्या, कारण याहून सारख्या दोन गोष्टी असू शकत नाहीत असे त्याचे म्हणणे. 'आता पुढे हे आले' असा त्याचा अर्थ नाही. सोप्या उदाहरणात साखळी खपून जाते. दोन्ही बाजूंना क्ष आला की डावी कोणती आणि उजवी कोणती हेच कळेनासे होते. एका ओळीत एकच =, आणि पुढची पायरी खालच्या ओळीत.

क्षच गायब झाला तर

२(क्ष + ३) = २क्ष + ६ सोडवताना शेवटी ० = ० उरते. यावरून क्ष = ० लिहू नका. क्षची कोणतीही किंमत चालते, असा त्याचा अर्थ. उजवीकडे ६ च्या जागी ५ असते तर ६ = ५ उरले असते, म्हणजे एकही किंमत चालत नाही. यात तुमची चूक असेलच असे नाही, पण पायऱ्या एकदा तपासा.

याउलट ३क्ष + ७ = ७ चे उत्तर शून्य आहे आणि ते पूर्णपणे वैध उत्तर आहे. ५क्ष = ३क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्षने भागून ५ = ३ आणणारेही भेटतात. क्ष शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे भागायचे नाही, वजा करायचे. २क्ष = ०, म्हणून क्ष = ०.

काहीच जमेना तेव्हा: दोन अंदाज

चूक सापडत नाही आणि खरे उत्तर काय ते तरी कळावे असे वाटते, तेव्हा पदे न हलवताही ते काढता येते. क्षला दोन सोप्या किमती द्या आणि दोन्ही बाजूंतला फरक पाहा. ५क्ष − ३(क्ष − ४) = २ + ४क्ष या उदाहरणात क्ष = ० घेतले तर डावी १२, उजवी २, फरक १०. क्ष = १ घेतले तर डावी १४, उजवी ६, फरक ८. क्ष एकाने वाढला की फरक दोनाने घटतो. दहाचा शून्य व्हायला पाच पावले, म्हणून क्ष = ५. अपूर्णांकांच्या उदाहरणात छेद नीट जातील अशा किमती निवडा: ५ घातले तर २ येतात, ११ घातले तर ३. सहाने वाढवले की एक वाढतो, ४ हवेत, म्हणून १७.

समीकरण रेषीय असेल, म्हणजे त्यात क्षचा वर्ग वगैरे नसेल, तरच हे चालते, कारण तिथे फरक एकाच वेगाने बदलतो. अंदाज घेऊन दुरुस्त करण्याची कल्पना मात्र फार जुनी. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये आहमेस नावाच्या लेखनिकाने उतरवलेल्या पपायरसवर एक गणित आहे: एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९. तिथे आधी ७ धरतात, म्हणजे ८ येतात, आणि मग ८ चे १९ करायला जितकी पट लागते तितकी पट ७ ची. उत्तर १३३/८. एका अंदाजात काम भागते, कारण तिथे सुटी संख्या मिळवलेली नाही. ती असेल तर दोन अंदाज लागतात.

ताळा जुळतो, तरी उत्तर चूक

हे शाब्दिक उदाहरणांत होते. 'एका संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी असलेली संख्या १५ आहे.' घाईत पदांचा क्रम उलटा लिहिला गेला की ३ − २क्ष = १५ होते, उत्तर −६. समीकरणात ताळा जुळतो: ३ + १२ = १५. पण वाक्यात घालून पाहा. −६ ची दुप्पट −१२, त्याहून ३ ने कमी म्हणजे −१५. समीकरण नीट सोडवले, पण ते त्या वाक्याचे समीकरणच नव्हते. बरोबर मांडणी २क्ष − ३ = १५, क्ष = ९. म्हणून शाब्दिक उदाहरणात ताळा वाक्याशी करायचा, समीकरणाशी नाही.

आणि क्ष मिळाला की लगेच उत्तराखाली दोन रेघा ओढू नका. तीन क्रमागत संख्यांची बेरीज ७२ असेल तर क्ष + (क्ष + १) + (क्ष + २) = ७२ वरून क्ष = २३ येतो. प्रश्नात मोठी संख्या विचारली असेल तर उत्तर २५ आहे. सुरुवातीलाच 'क्ष = सर्वांत लहान संख्या' असे एका ओळीत लिहून ठेवले असेल तर शेवटी काय विचारले होते ते शोधत मागे जावे लागत नाही.